लढून आलेला माणूस युद्धाविरुद्ध बोलतो तेव्हा

१९१७ च्या जुलै महिन्यात सिगफ्रीड ससून या ब्रिटिश सैन्यातील तरुण अधिकाऱ्याचे एक निवेदन लंडनमध्ये गाजले. पश्चिम आघाडीवरील धाडसाबद्दल त्यांना ‘मिलिटरी क्रॉस’ हे शौर्यपदक मिळाले होते. जखमी होऊन ते मायदेशी परतले होते आणि आता पुन्हा रुजू होण्यास त्यांनी नकार दिला होता. ज्या युद्धात आपण बचावासाठी आणि मुक्ततेसाठी उतरलो ते आता आक्रमणाचे आणि मुलूख जिंकण्याचे युद्ध झाले आहे, आणि ते थांबवणे ज्यांच्या हाती आहे तेच ते मुद्दाम लांबवीत आहेत, असे त्यांनी लिहिले होते. ३० जुलै रोजी हे निवेदन ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहात वाचले गेले. सरकारला त्यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला भरता आला असता. पण पदकविजेत्या अधिकाऱ्याला आरोपी म्हणून उभे करणे म्हणजे त्याच्या म्हणण्यासाठी आपणच व्यासपीठ बांधून देणे होते. त्याऐवजी त्यांना वैद्यकीय मंडळापुढे नेण्यात आले, मनावर आघात झालेले रुग्ण ठरवण्यात आले आणि एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट येथील लष्करी रुग्णालयात पाठवण्यात आले. या तडजोडीमागे त्यांचे मित्र रॉबर्ट ग्रेव्हज यांची खटपट होती आणि तिचा हेतू त्यांना शिक्षेतून वाचवण्याचा होता, हे खरे. पण परिणाम असा झाला की युद्ध लांबवले जात आहे काय, या प्रश्नाची जागा निवेदन लिहिणाऱ्याची प्रकृती बरी आहे काय, या प्रश्नाने घेतली.

एका प्रश्नाच्या जागी दुसरा प्रश्न बसवण्याची ही क्रिया या विषयाच्या मुळाशी आहे. माजी सैनिकाविषयी जवळजवळ प्रत्येक राजकीय पक्ष आदराने बोलतो, परंतु तो आदर त्याने सोसलेल्या गोष्टींबद्दल असतो; त्याने काढलेल्या निष्कर्षांबद्दल असतोच असे नाही. तो गप्प असतो तोवर या दोन गोष्टींमधला फरक कोणाच्या लक्षात येत नाही, कारण त्याच्या मौनाचा अर्थ प्रत्येकाला आपल्या सोयीने लावता येतो. तो युद्धाविरुद्ध बोलू लागला की मात्र राजकारण्यांपुढे अडचण उभी राहते. सामान्य युद्धविरोधकाला ‘तुला काय ठाऊक?’ किंवा ‘तू स्वतः का गेला नाहीस?’ असे विचारून गप्प करता येते, पण जो जाऊन आला, ज्याने तिथे पाय गमावला, त्याला हे विचारता येत नाही. त्याची टीका हा घरचा अहेर असतो, आणि तो बाहेरच्या टीकेपेक्षा जास्त झोंबतो.

त्याला कायद्याने अडवणेही लोकशाही देशात सहसा शक्य नसते. सेवेत असलेल्या सैनिकाच्या बोलण्यावर बंधने असतात; अमेरिकेच्या लष्करी कायद्यात तर राष्ट्राध्यक्षांविषयी अवमानकारक शब्द वापरणाऱ्या अधिकाऱ्याला शिक्षा करण्याचे स्वतंत्र कलम आहे, आणि निवृत्तिवेतन घेणारे नियमित सेवेतील निवृत्त अधिकारीही तत्त्वतः लष्करी कायद्याच्या कक्षेत राहतात. परंतु सेवेतून पूर्णपणे मुक्त झालेला सैनिक हा इतरांसारखाच नागरिक असतो. त्याचे तोंड बंद करता येत नाही, म्हणून त्याच्या शब्दांचे वजन कमी करण्याचे प्रयत्न सुरू होतात.

या प्रयत्नांचा सर्वांत समृद्ध दाखला व्हिएतनाम युद्धाच्या काळातील अमेरिकेत सापडतो, म्हणून तिथे थोडे थांबू. ‘व्हिएतनाम व्हेटरन्स अगेन्स्ट द वॉर’ ही संघटना १९६७ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली, तेव्हा तिच्यात मोजकेच माजी सैनिक होते. एप्रिल १९७१ मध्ये याच संघटनेचे शेकडो सदस्य वॉशिंग्टनला जमले. पहिल्याच दिवशी, युद्धात मुले गमावलेल्या मातांसह, ते आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत आदरांजली वाहायला गेले, तर त्यांना प्रवेशद्वार बंद आढळले. दुसऱ्या दिवशी दार उघडले गेले. ज्या दफनभूमीत त्यांचे सोबती पुरलेले होते तिचे दार आपण या लोकांसाठी लावून घेतले, हे दृश्य सरकारला परवडणारे नव्हते. संसदेसमोरच्या मैदानावर मुक्काम करण्यास सर्वोच्च न्यायालयाची मनाई असतानाही ते तिथे झोपले, आणि सरकारने त्यांना उठवण्यासाठी पोलीस पाठवले नाहीत. व्हीलचेअरवरच्या माणसांना उचलून गाडीत घालणाऱ्या पोलिसांची छायाचित्रे दुसऱ्या दिवशी कशी दिसतील, याचा अंदाज राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या सल्लागारांना नक्कीच होता.

२२ एप्रिल रोजी नौदलाचे २७ वर्षांचे माजी लेफ्टनंट जॉन केरी यांनी सिनेटच्या परराष्ट्र संबंध समितीपुढे साक्ष दिली. एका चुकीसाठी मरणारा शेवटचा माणूस हो, असे कोणाला कसे सांगायचे, हा त्यांचा प्रश्न देशभर पोहोचला. त्यांच्यापाशी ‘सिल्व्हर स्टार’ आणि ‘ब्राँझ स्टार’ ही पदके होती, आणि युद्धात जखमी झाल्याबद्दल दिले जाणारे ‘पर्पल हार्ट’ तीनदा मिळालेले होते. दुसऱ्या दिवशी शेकडो माजी सैनिकांनी संसद भवनासमोर उभारलेल्या कुंपणापलीकडे आपली पदके आणि फिती भिरकावून दिल्या.

यावर दिले गेलेले उत्तर बारकाईने पाहण्यासारखे आहे. पहिली कुजबुज अशी होती की हे लोक खरे सैनिकच नाहीत. तेव्हा निदर्शकांनी आपापली सेवामुक्तीची प्रमाणपत्रे गोळा करून दाखवली. ही शंका अगदीच बिनबुडाची ठरली असती, पण संघटनेचे एक प्रमुख पदाधिकारी अल हबर्ड हे स्वतःला हवाई दलातील कॅप्टन म्हणवून घेत होते आणि प्रत्यक्षात सार्जंट होते, हे त्याच सुमारास उघड झाले. एका माणसाच्या खोटेपणामुळे शेकडो जणांच्या साक्षीवर सावट पसरले. अशा चळवळीची ही दुखरी जागाच असते: तिचे सारे बळ ‘मी तिथे होतो’ या तीन शब्दांत असते, आणि ते शब्द एका ठिकाणी जरी खोटे निघाले तरी विरोधकांना उरलेले ऐकण्याची गरज राहत नाही.

केरी यांच्याबाबतीत ही युक्ती चालणार नव्हती, कारण त्यांची कागदपत्रे चोख होती. म्हणून व्हाइट हाउसने काट्याने काटा काढायचे ठरवले. जॉन ओनील हे नौदलाचे माजी अधिकारी व्हिएतनाममध्ये केरी यांच्यानंतर त्याच गस्ती नौकेवर काम केलेले आणि युद्धाचे समर्थन करणारे होते. जून १९७१ मध्ये निक्सन यांनी त्यांची भेट घेतली आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेला दूरचित्रवाणीवर दोघांचा जाहीर वाद झाला. एका माजी सैनिकाच्या शब्दाला दुसऱ्या माजी सैनिकाच्या शब्दाने छेद दिला की प्रेक्षकाच्या मनातली तराजूची दोन्ही पारडी सारखी होतात, आणि सरकारला स्वतः काहीच बोलावे लागत नाही. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणे हा वाक्प्रचार इथे फारच नेमका बसतो. ओनील यांची मते प्रामाणिक नव्हती असे मला मुळीच म्हणायचे नाही; युद्धातून परतलेली दोन माणसे दोन टोकांचे निष्कर्ष घेऊन येऊ शकतात. प्रश्न एवढाच, की त्यांपैकी कोणाला व्यासपीठ मिळते आणि ते कोण देते.

त्याच संघटनेच्या सात सदस्यांवर आणि त्यांच्या एका समर्थकावर, १९७२ च्या रिपब्लिकन अधिवेशनात हिंसक गोंधळ घालण्याचा कट रचल्याचा खटला भरण्यात आला. ऑगस्ट १९७३ मध्ये ज्यूरीने आठही जणांना निर्दोष ठरवले. न्यायालयात आरोप टिकले नाहीत, पण मधल्या वर्षभरात संघटनेची शक्ती खटला लढण्यात खर्ची पडली.

याहून सौम्य आणि म्हणूनच अधिक परिणामकारक असे एक उत्तर पुढच्या काळात रूढ झाले: ‘आमचा सैन्याला पाठिंबा आहे.’ १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकेत घरोघरी पिवळ्या फिती बांधल्या गेल्या. युद्ध कशासाठी, या प्रश्नावर मतभेद शक्य असतात. पण लढणाऱ्या मुलांच्या पाठीशी उभे राहायचे की नाही, यावर कोण नाही म्हणेल? अशा रीतीने युद्धाचा हेतू मागे पडतो आणि सैनिक हाच युद्धाचा हेतू होऊन बसतो. मग युद्धाविरुद्ध बोलणे म्हणजे सैनिकांविरुद्ध बोलणे ठरते, आणि माजी सैनिकाने तसे बोलणे म्हणजे आघाडीवर असलेल्या आपल्याच सोबत्यांच्या पाठीत खंजीर खुपसणे ठरते. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांवर युद्धविरोधक थुंकत असत, ही कथा याच काळात जोमाने सांगितली जाऊ लागली. समाजशास्त्रज्ञ जेरी लेम्बके, जे स्वतः व्हिएतनाममध्ये सैनिक होते, यांनी १९९८ साली असे दाखवण्याचा प्रयत्न केला की त्या काळच्या नोंदींत या कथेला आधार सापडत नाही. अपमान मुळीच झाले नाहीत, असे सिद्ध करणे अवघड आहे आणि यावर वाद आजही चालू आहे. मला त्या कथेतली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते: तिच्यात सैनिक एका बाजूला आणि युद्धविरोधक दुसऱ्या बाजूला उभा असतो, त्यामुळे जो एकाच वेळी दोन्ही होता, त्याला त्या चित्रात उभे राहायला जागाच उरत नाही.

२००४ साली केरी डेमोक्रॅटिक पक्षातर्फे राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले तेव्हा जुना हिशेब पुन्हा उघडला गेला. बॉस्टनच्या अधिवेशनात त्यांनी सलाम ठोकून आपण कामावर रुजू होत आहोत असे सांगितले. म्हणजे त्यांच्या स्वतःच्या पक्षानेही १९७१ चा साक्षीदार बाजूला ठेवून १९६९ चा पदकविजेताच मंचावर आणला. विरोधकांनी मात्र दोघांवरही हल्ला चढवला. ओनील यांचा सहभाग असलेल्या ‘स्विफ्ट बोट व्हेटरन्स फॉर ट्रुथ’ या गटाने आधी पदके खोट्या पराक्रमावर मिळवल्याचा आरोप करणारी जाहिरात केली आणि पाठोपाठ १९७१ च्या साक्षीवर दुसरी. केरी यांच्या नौकेवर प्रत्यक्ष काम केलेल्या बहुतेकांनी आणि नौदलाच्या नोंदींनी त्यांची बाजू उचलून धरली. रिपब्लिकन सिनेटर जॉन मॅकेन यांनी पहिली जाहिरात अप्रामाणिक आणि लाजिरवाणी असल्याचे म्हटले. तरी रिपब्लिकन अधिवेशनात काही प्रतिनिधी ‘पर्पल हार्ट’चे चित्र असलेल्या पट्ट्या गालावर आणि हनुवटीवर चिकटवून थट्टा करत फिरले. त्या वर्षी त्यांच्या पक्षाच्या उमेदवाराने युद्धकाळात टेक्सासच्या राष्ट्रीय रक्षक दलात सेवा केली होती आणि उपराष्ट्राध्यक्षांनी पाच वेळा भरतीतून सूट घेतली होती, ही नोंद इथे केवळ प्रमाण लक्षात यावे म्हणून.

पुढच्या वर्षी अशीच आणखी एक चकमक झाली. १७ नोव्हेंबर २००५ रोजी पेनसिल्व्हेनियाचे डेमोक्रॅटिक प्रतिनिधी जॉन मर्था यांनी इराकमधून सैन्य माघारी घेण्याची मागणी केली. मर्था यांनी मरीन दलात ३७ वर्षे काढली होती, ते व्हिएतनाममध्ये लढले होते, आणि इराकवरील कारवाईच्या ठरावाला त्यांनी आधी पाठिंबाही दिला होता. दुसऱ्याच दिवशी प्रतिनिधिगृहात ओहायोच्या जीन श्मिट यांनी एका मरीनचा म्हणून निरोप वाचून दाखवला, की भ्याड पळ काढतात, मरीन कधीच नाही. सभागृहात इतका गदारोळ झाला की त्यांना आपले शब्द मागे घ्यावे लागले. त्यानंतर काही दिवसांतच राष्ट्राध्यक्ष बुश यांनी मर्था यांना भला माणूस म्हटले आणि उपराष्ट्राध्यक्ष चेनी यांनी देशभक्त म्हटले. इथे हल्ला उलटला, आणि त्याचे कारण मर्था यांची पदके एवढेच नव्हते. तोवर जनमतही इराक युद्धाविरुद्ध झुकू लागले होते. पदकांनी माणूस वाचतोच असे नाही, हे तीन वर्षांपूर्वी दिसलेले होते: व्हिएतनाममध्ये दोन पाय आणि एक हात गमावलेले जॉर्जियाचे सिनेटर मॅक्स क्लिलंड यांनी इराकवरील ठरावाच्या बाजूने मत दिलेले असूनही, ओसामा बिन लादेनचे चित्र वापरून केलेल्या जाहिरातीत त्यांना देशाच्या सुरक्षेबाबत कच्चे ठरवले गेले, आणि ते निवडणूक हरले.

म्हणजे माजी सैनिकाकडे पाहण्याची राजकीय दृष्टी त्याच्या सेवेवर फारशी ठरत नाही; युद्ध कोणाचे आहे आणि ते चालू आहे की संपले आहे, यावर ती ठरते. १९७२ साली मायामी बीचच्या रिपब्लिकन अधिवेशनात निक्सन यांचे भाषण चालू असताना, व्हिएतनाममध्ये छातीखाली लुळे झालेले रॉन कोविक व्हीलचेअरवरून बॉम्बहल्ले थांबवा असे ओरडले, तेव्हा त्यांना सभागृहाबाहेर ढकलत नेण्यात आले. २०२४ साली मिलवॉकी येथे त्याच पक्षाच्या अधिवेशनात, मरीन म्हणून इराकला जाऊन आलेल्या जे. डी. व्हान्स यांनी उपराष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी स्वीकारताना त्या युद्धाला पाठिंबा दिल्याबद्दल बायडन यांना धारेवर धरले, आणि टाळ्या मिळवल्या. प्यू संशोधन केंद्राच्या २०१९ च्या पाहणीत इराक युद्ध लढण्याजोगे नव्हते असे सांगणाऱ्या माजी सैनिकांचे प्रमाण ६४ टक्के होते, तर सर्वसाधारण प्रौढ नागरिकांत ते ६२ टक्के होते. सैन्यात असणे आणि नसणे यांमुळे मतांत जेवढा फरक पडला त्यापेक्षा कितीतरी जास्त फरक पक्षनिष्ठेमुळे पडलेला दिसला. तरीही युद्धविरोधी माजी सैनिक म्हणजे एखादा भरकटलेला अपवाद, ही समजूत टिकून आहे.

हे केवळ अमेरिकेचे नाही. फ्रान्सचे जनरल जाक द बोलार्दियेर दुसऱ्या महायुद्धातील नामवंत योद्धे होते; अल्जेरियात फ्रेंच सैन्य करत असलेल्या छळाला विरोध म्हणून १९५७ साली त्यांनी पदमुक्ती मागितली आणि विरोध जाहीर केल्याबद्दल त्यांना ६० दिवस किल्ल्यात कैदेत ठेवण्यात आले. इस्रायलमध्ये हेब्रॉनला सेवा केलेल्या सैनिकांनी २००४ साली ‘ब्रेकिंग द सायलेन्स’ ही संघटना काढली, आणि २०१८ साली संसदेने अशा संघटनांना शाळांपासून दूर ठेवता येईल असा कायदा केला. रशियात मार्च २०२२ पासून सैन्याची ‘बदनामी’ हा गुन्हा आहे. युक्रेनवरील आक्रमणात भाग घेतलेले पावेल फिलातयेव यांनी अनुभव प्रसिद्ध केला आणि त्यांना देश सोडून फ्रान्समध्ये आश्रय घ्यावा लागला. जिथे न्यायालये आणि वृत्तपत्रे स्वतंत्र असतात तिथे बदनामीचे काम जाहिराती करतात. जिथे नसतात तिथे ते कायदाच करतो.

दुसऱ्या बाजूचे दोष लपवणे मात्र योग्य होणार नाही. युद्धविरोधी पक्षही माजी सैनिकाचा उपयोग पुराव्यासारखाच करतात, आणि युद्धाचे समर्थन करणारा माजी सैनिक त्यांच्या लेखी दिशाभूल झालेला असतो. शिवाय खंदकातून युद्धाचा एक लहानसा तुकडा दिसतो. एका गावात काय घडले हे सांगणारा सैनिक संपूर्ण मोहिमेच्या डावपेचांचा जाणकार असेलच असे नाही. २००६ साली अमेरिकेच्या काही निवृत्त जनरलांनी संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांच्या राजीनाम्याची उघड मागणी केली, तेव्हा युद्धाच्या काही टीकाकारांनाही ते रुचले नव्हते. निवृत्त सेनानी मंत्र्यांना घालवू लागले तर सैन्यावर लोकप्रतिनिधींचे नियंत्रण कसे राहणार, हा आक्षेप गंभीर आहे. परंतु यातूनच एक उपयुक्त भेद हाती लागतो. ‘मी हे पाहिले’ ही साक्ष असते आणि तिचे उत्तर चौकशी हे आहे. ‘मला असे वाटते’ हे मत असते आणि त्याचे उत्तर युक्तिवाद हे आहे. ससून यांच्यापासून केरी यांच्यापर्यंत दोन्हींना मिळालेले उत्तर बहुधा तिसरेच होते, आणि ते म्हणजे ‘तू कोण?’

याला अपवाद ठरलेला एक प्रसंग ३१ जानेवारी २०१३ चा आहे. ओबामा यांनी संरक्षणमंत्री म्हणून नेमलेले चक हेगल सिनेटच्या समितीपुढे बसले होते. ते रिपब्लिकन होते, व्हिएतनाममध्ये दोनदा जखमी झालेले सार्जंट होते, आणि २००७ साली इराकमध्ये जादा सैन्य पाठवण्याच्या निर्णयाला त्यांनी व्हिएतनामनंतरची सर्वांत धोकादायक घोडचूक म्हटले होते. समोर बसलेले मॅकेन हे त्यांचे जुने मित्र. हनोईच्या कैदेत साडेपाच वर्षे काढलेले, आणि त्या निर्णयाचे कट्टर समर्थक. तुमचे मत चुकले की बरोबर ठरले, हो किंवा नाही सांगा, असे मॅकेन यांनी पुन्हा पुन्हा विचारले, आणि हेगल यांनी एका शब्दात उत्तर देण्याचे नाकारले. वाद कडवट झाला, पण तो निर्णयाबद्दल होता. दोन आठवड्यांनी, त्याच समितीत एका नवख्या सिनेटरने हेगल यांना परकीय शत्रूंकडून पैसा मिळाला असावा असे सुचवणारे विधान केले, तेव्हा हेगल हे सन्माननीय गृहस्थ आहेत आणि त्यांच्या सचोटीवर या समितीतल्या कोणीही शिंतोडे उडवू नयेत, असे मॅकेन यांनीच बजावले. २६ फेब्रुवारी रोजी हेगल यांची नेमणूक ५८ विरुद्ध ४१ मतांनी मंजूर झाली. मॅकेन यांचे मत विरोधात पडले होते.